मॅग्नेशियमच्या डिस्कचा रंग किती पावसाळे टिकतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की तुमच्या पेपरात गाडीची काळजी कशी घ्यायची ते दरवर्षी येतं, वायपर बघा, ब्रेक बघा, टायरची नक्षी बघा, आणि ते मी न चुकता वाचतो. पण चाकाच्या डिस्कबद्दल, म्हणजे टायर ज्यावर बसतो त्या धातूच्या चाकाबद्दल, त्यात कधी एक ओळ नसते, आणि हल्ली तर पुण्यात बघावं तिथं डिस्क नव्यासारखी करून देणारी दुकानं झालीत, सकाळी गाडी सोडा संध्याकाळी घेऊन जा. रंग किती टिकेल विचारलं की "काका, पाच वर्षं बघायला नको," हे उत्तर मी तीन दुकानांत जवळजवळ याच शब्दांत ऐकलंय. आमच्या डिस्कवर तो रंग एक पावसाळासुद्धा धड टिकला नाही. का टिकला नाही हे समजून घ्यायला आणि परत नीट करायला माझी दोन-अडीच वर्षं गेली, ते सगळं लिहितोय, पत्र लांबलंय याची कल्पना आहे पण कापू नका ही विनंती.

आमच्या काकांची 1972 ची फियाट आहे, ती 2011 पासून माझ्याकडे. तिला काकांनी 1981 साली मुंबईहून जुन्यात पाच डिस्क आणून बसवल्या होत्या, चार चाकांना आणि एक स्टेपनीला. काका त्यांना मॅगव्हील म्हणायचे. आता मॅगव्हील हा शब्द आपल्याकडे सगळेच वापरतात, बाइक घेताना शोरूममध्ये पण विचारतात स्पोकची देऊ का मॅगची, पण ती सगळी चाकं अ‍ॅल्युमिनियमची असतात. नाव पडलं ते अमेरिकेतल्या रेसच्या गाड्यांवरून, तिथं दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात खरोखर मॅग्नेशियमची चाकं ओतायचे, पुढे इंग्लंडात मिनिलाइट आणि इटलीत कॅम्पान्योलो, क्रोमोडोरा यांनी रस्त्यावरच्या गाड्यांसाठी काढली. धातू बदलला तरी नाव तेच राहिलं. त्यामुळे काका मॅगव्हील म्हणायचे तेव्हा मी पण अ‍ॅल्युमिनियमच धरून चाललो होतो, आणि सगळा घोटाळा तिथूनच सुरू झाला.

2018 साली दसऱ्याच्या आधी मी त्या एका दुकानात दिल्या. दुकानाचं नाव लिहीत नाही, कारण त्यांनी मुद्दाम फसवलं असं मला वाटत नाही, त्यांना माहीतच नव्हतं आणि मी पण सांगितलं नाही. रंग काढायला त्यांच्याकडे अ‍ॅसिडची टाकी होती, त्यात पहिली डिस्क सोडली आणि पाण्याला उकळी फुटावी तसे बुडबुडे यायला लागले. पोरगा म्हणाला, "मळ निघतोय काका, बघा कसा जोरात निघतोय." मी शेजारी उभा राहून बघत होतो. तो मळ नव्हता हो, तो धातू विरघळत होता आणि वर येत होता तो हायड्रोजन. बाहेर काढली तर डिस्क काळपट करडी झालेली, मग लोखंडी छऱ्यांचं शॉट ब्लास्टिंग केलं, खड्डे पडले होते तिथं लांबी (पुट्टी) भरली, पॉलिश पेपर मारला, प्रायमर, सिल्व्हर, वरून लॅकर. चौदा हजार घेतले. दसऱ्याला गाडीला हार घातला तेव्हा सोसायटीतली माणसं थांबून बघत होती इतक्या सुंदर दिसत होत्या, ते मान्य करायलाच पाहिजे.

हिवाळा चांगला गेला. उन्हाळ्यात मे महिन्यात आम्ही हरिहरेश्वरला जाऊन आलो, ताम्हिणीनं गेलो, दोन दिवस गाडी समुद्राच्या वाऱ्यात उभी होती. जूनला पाऊस लागला. आणि गणपतीत गाडी धूत असताना पुढच्या डाव्या चाकाच्या नटापाशी बोटाला काहीतरी लागलं, तांदळाच्या दाण्याएवढा फुगवटा. नखानं टोकरलं तर रंगाचा पापुद्रा सरळ उचलला गेला, अगदी उतू आलेल्या दुधावरची साय उचलावी तसा, आणि खाली ओलसर पांढरी पूड, बोटावर घेतली तर रांगोळीसारखी. ती पुसली तर खाली देवी येऊन गेलेल्या चेहऱ्यासारखे बारीक बारीक खड्डे. मग बाकीची चाकं बघितली, सगळीकडे तेच, आणि डिस्कच्या आतल्या बाजूला तर बघवत नव्हतं. म्हणजे ऑक्टोबर ते सप्टेंबर, वर्षसुद्धा पूर्ण झालं नव्हतं.

दुकानात गेलो तर ते म्हणाले तुम्ही कोकणात नेली ना, खारी हवा लागली, त्याला आम्ही काय करणार. खारी हवा लागली हे खरंच आहे. पण कोकणात सगळ्यांच्याच गाड्या जातात आणि सगळ्यांच्या डिस्क अशा होत नाहीत, मग आपल्याच का?

उत्तर घरी मिळालं. सुटलेला रंग मी डिस्कच्या आतल्या बाजूनं खरवडत होतो, तर जुन्या रंगाच्या थराखालून ओतीव अक्षरं निघाली, इलेक्ट्रॉन. आधी वाटलं कंपनीचं नाव असेल. इलेक्ट्रॉन हे मॅग्नेशियमच्या मिश्रधातूंचं जुनं व्यापारी नाव आहे, मूळ जर्मनीतलं. लगेच स्वयंपाकघरातून व्हिनेगर आणलं आणि आतल्या बाजूला उघड्या धातूवर एक थेंब टाकला, टाकल्या टाकल्या फसफसला. तोच थेंब माझ्या मुलाच्या गाडीच्या जुन्या अ‍ॅल्युमिनियमच्या डिस्कवर टाकला तर नुसता बसून राहिला. ही परीक्षा कोणीही घरी करू शकतं, फक्त दिसणार नाही अशा जागी करायची, धातू उघडा पाहिजे, आणि झालं की लगेच पाण्यानं धुवून कोरडं करायचं. मी 29 वर्षं भोसरीत टूलरूममध्ये काढली, हातात घेतल्यावर वजनावरूनच मला कळायला हवं होतं, कारण एकसारख्या दोन ठोकळ्यांत मॅग्नेशियमचा ठोकळा अ‍ॅल्युमिनियमच्या दोन तृतीयांश भरतो (घनता 1.74 आणि 2.7), आणि लोखंडाच्या तर पावपट सुद्धा नाही. पण गाडीला बसवलेली चाकं आपण हातात घेऊन बघत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि तो दुकानवाल्यांनी कृपा करून नीट वाचावा. अ‍ॅल्युमिनियम आणि मॅग्नेशियम दिसायला सख्खे भाऊ असले तरी त्यांचं पथ्य बरोबर उलटं आहे. कॉस्टिक सोड्यात अ‍ॅल्युमिनियम विरघळतं पण मॅग्नेशियमला त्याचं काही वाटत नाही, आणि अ‍ॅसिडमध्ये मॅग्नेशियम बघता बघता खलास होतं. म्हणजे धातू न विचारता एकच टाकी सगळ्यांना वापरली तर दोघांपैकी एकाचं वाटोळं ठरलेलं. शिवाय अ‍ॅल्युमिनियमवर हवेनं जो ऑक्साइड धरतो तो धातूला घट्ट झाकून बसतो आणि पुढचं नुकसान थांबवतो. मॅग्नेशियमचा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जवळजवळ पाचवा हिस्सा कमी जागा व्यापतो, म्हणजे पांघरूणच आखूड, कुठंतरी अंग उघडं राहणारच आणि तिथून ओल शिरणारच.

आणि लोखंडाशी तर त्याचा उभा दावा. तुमच्या घरच्या साठवणीच्या गीझरमध्ये मॅग्नेशियमची कांडी असते बघा, बोअरचं पाणी असेल तर प्लंबर दोन-तीन वर्षांनी ती बदलायला सांगतो. ती कांडी तिथं कशाला असते, तर टाकीच्या लोखंडानं गंजू नये म्हणून तिनं झिजायचं असतं. पाण्यात दोन्ही धातू एकत्र आले की मॅग्नेशियम स्वतःला संपवतं आणि लोखंडाला वाचवतं. गाडीत मात्र आपल्याला डिस्क वाचवायची असते, आणि तिच्या आजूबाजूला सगळं लोखंडच, हब लोखंडाचं, नट लोखंडाचे, ब्रेकची जी काळी भुकटी उडून आतल्या बाजूला बसते तिच्यात पण लोखंड. आणि आमच्या डिस्कवर तर लोखंडी छऱ्यांचं ब्लास्टिंग केलेलं, म्हणजे लोखंडाचे बारीक कण धातूत ठोकून बसवलेले आणि त्यावर रंग मारलेला. प्रत्येक कण म्हणजे एक छोटी बॅटरी, फक्त पाणी पोचायचा अवकाश. ते पोचलं नटापाशी, कारण नट आवळताना तिथला रंग तडकतो. खारं पाणी असलं की हे सगळं कैक पट वेगानं होतं, म्हणून कोकणचं निमित्त झालं.

त्यात जुन्या ओतकामाच्या मिश्रधातूत लोखंड, निकेल, तांबं यांचा अंश आजच्यापेक्षा जास्त असायचा. हल्लीच्या चांगल्या मिश्रधातूत लोखंड हजारात पाच शतांश भागापेक्षा जास्त चालत नाही, इतकं ते बारकाईनं सांभाळतात, कारण तेवढ्यानंही गंजायचा वेग बदलतो. म्हणजे 50 वर्षांपूर्वीची मॅग्नेशियमची डिस्क आजच्या डिस्कपेक्षाही नाजूक समजून वागवायची.

मग लॉकडाऊन आला, डिस्क पोत्यात बांधून माळ्यावर गेल्या आणि फियाट लोखंडी चाकांवर उभी राहिली. 2021 च्या दिवाळीनंतर मी परत हात घातला. या वेळी भोसरीतल्या जुन्या ओळखीच्या मंडळींना धरून एकेक टप्पा स्वतः उभं राहून करून घेतला, आणि मुद्दाम डिसेंबर धरला. कारण साफ केलेलं उघडं मॅग्नेशियम दमट हवेत ठेवलं तर एका रात्रीत काळवंडायला लागतं, साफ केल्यापासून काही तासांत त्यावर पहिला थर चढला पाहिजे, आणि जुलैतल्या पुण्यात ते करायचं म्हणजे ओल आत कोंडून वरून झाकण लावण्यासारखं.

रंग काढला गरम कॉस्टिकमध्ये. एक बुडबुडा नाही, अर्ध्या तासात जुने थर सालीसारखे सुटून आले. मग भरपूर पाण्यानं धुवून, वाळवून, काचेच्या मण्यांचं ब्लास्टिंग, तेही नवे मणी घालून, कारण त्या मशीनमध्ये आदल्या दिवशी लोखंडी माल झाला असेल तर त्याचे कण मण्यांत मिसळलेले असतात. मशीनवाल्या भाऊंना हे पटवायला मला चहाचे दोन कप लागले पण त्यांनी ऐकलं.

पुढचा टप्पा जो मी बघितला तो प्रत्येक दुकानदारानं एकदा तरी बघावा असं मला मनापासून वाटतं. भेगा बघायची डीपी टेस्ट. डिस्कवर लाल रंगाचं पातळ द्रव फवारतात, दहा-पंधरा मिनिटं ठेवतात म्हणजे ते भेगेत झिरपतं, मग वरचं सगळं पुसून घेतात आणि पांढरी पावडर फवारतात. चार डिस्क पांढऱ्याशुभ्र राहिल्या. पाचवीवर बोल्टच्या भोकापासून दांडीकडे (स्पोककडे) जाणारी एक लाल रेघ हळूहळू उमटत गेली, आधी केसासारखी, मग दोऱ्यासारखी, साधारण तीन सेंटीमीटर. ती डिस्क 2018 मध्ये लांबी भरून, रंग मारून, नवी म्हणून मला परत मिळाली होती आणि मी तिच्यावर घरच्यांना बसवून ताम्हिणी घाट उतरलो होतो. ती रेघ बघितल्यावर मी तिथं पडलेल्या खोक्यावर बसलो, दोन मिनिटं बोलता येईना.

कोणी म्हणालं आर्गॉन मारून देतो, रेघ दिसणार पण नाही. वेल्डिंग करता येतं हे खरं आहे, पण या जातीच्या ओतकामात वेल्डिंगनंतर भट्टीत ताण काढावा लागतो नाहीतर शेजारीच नवी भेग जाते, आणि चाकाच्या दांडीला, बोल्टच्या भोकापाशी गेलेली भेग भरून परत रस्त्यावर आणू नये या मताचा मी आहे. ती डिस्क आता माझ्या खोलीत भिंतीवर आहे, रेघ तशीच दिसू दिलीय. स्टेपनी लोखंडी.

उरलेल्या चारांना क्रोमेटचा हात दिला, त्यानं धातूवर पिवळट तपकिरी थर येतो आणि त्यावर प्रायमर नीट धरतो. मॅग्नेशियमसाठी ही जुनी आणि खात्रीची पद्धत, विमानाच्या कामात वर्षानुवर्षं वापरलेली. पण त्यातला सहा संयुजेचा क्रोमियम माणसाला कॅन्सर करतो, त्यामुळे हे काम सांडपाणी प्रक्रिया असलेल्या प्लेटिंगवाल्याकडेच करायचं, टेरेसवर बादलीत नाही, ते पिवळं पाणी नाल्यातून आपल्या पवनेत जाता कामा नये. हल्ली विजेच्या ठिणग्यांनी पृष्ठभागावर सिरॅमिकसारखा कडक थर चढवायची पद्धत आहे, तिच्यात क्रोमियम लागत नाही आणि थर टिकाऊ असतो, ज्यांना परवडेल त्यांनी तिची चौकशी करावी.

मग भट्टीत तापवून आतली ओल घालवली, गरम असतानाच इपॉक्सी प्रायमरचा पहिला हात, भाजला, दुसरा हात, परत भाजला, आणि वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग. आतून बाहेरून, बोल्टच्या भोकांत, हबला टेकणाऱ्या पाठीवर, व्हॉल्व्हच्या भोकात, सगळीकडे. पावडर कोटिंग का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं. करता येतं, पण ओतीव डिस्कमध्ये बारीक छिद्रं असतात, पावडर पिकायला 180 ते 200 अंश लागतात, तेवढ्या उष्णतेत छिद्रांतली हवा बाहेर पडते आणि वरच्या थरात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, पाण्याला बरोबर दिसतात. आधी त्याहून जास्त तापमानाला डिस्क रिकामी भाजून घेतली तर हे कमी होतं, पण ते कोणी करत नाही कारण गॅस जळतो. आणि नुसती पावडर धातूवर थेट मारायची, खाली प्रायमर नाही, असं मॅग्नेशियमला तर अजिबात चालणार नाही.

आता टिकलं किती ते सांगतो, कारण पत्राचा विषयच तो आहे. डिसेंबर 2021 चं काम, त्यानंतर 2022, 2023, 2024, 2025 असे चार पावसाळे झाले आणि बाहेरच्या बाजूला आजपर्यंत एक फुगवटा नाही. गाडी रोजची नाही हे पण सांगतो, महिन्यातून तीन-चार वेळा निघते आणि रात्री छताखाली असते, रोज सिंहगड रोडच्या खड्ड्यांतून आणि खडीतून जाणाऱ्या गाडीला एवढं मिळेल असं मी म्हणणार नाही. 2023 मध्ये हायवेवर पंक्चर काढताना तिथल्या माणसानं लोखंडी टॉमीनं काठाला ओरखडा पाडला, चकचकीत धातू दिसत होता. त्याच रात्री घरी येऊन तेवढी जागा घासून, पुसून, केसवाळणीनं कोरडी करून इपॉक्सीचा हात मारला, दुसऱ्या दिवशी रंग, आणि ती जागा अजून शाबूत आहे. दुसरीकडे मागच्या उजव्या डिस्कला आतून, बॅलन्सिंगच्या वजनाशेजारी दगड लागून टवका उडाला होता तो माझ्या लक्षातच आला नाही, दोन महिन्यांत तिथं आठ आण्याच्या नाण्याएवढी पांढरी पूड जमली होती. रंग तोच, हात तोच, फरक फक्त एक दिवस आणि दोन महिने यांचा.

म्हणून रंगाचं आयुष्य वर्षांत सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही. धातूपर्यंत पोचलेला एक टवका तुम्ही किती दिवस तसाच ठेवता यावर बाकीचा रंग किती जगणार ते अवलंबून आहे. मी आता दर महिन्याला चाकाच्या आत टॉर्च मारून बघतो. कोकणातून आलो की त्याच दिवशी आतली बाजू पण साध्या पाण्यानं धुतो. डिस्क चकाचक करणारी अ‍ॅसिडची बाटली मिळते ती घरात आणत नाही, गाडीचा साधा शॅम्पू पुरतो. वजनं पत्र्याच्या क्लिपची न लावता चिकटवायची लावतो, कारण क्लिप काठ कुरतडते आणि ती लोखंडाची. नवा रंग मारलेल्या डिस्कचे नट मात्र पहिल्या 50 ते 100 किलोमीटरनंतर परत आवळून बघा, खालचा रंग दबतो आणि नट ढिला पडतो, हे कुठल्याच दुकानात मला आपणहून कोणी सांगितलं नाही आणि हे न केल्यानं चाक निघू शकतं.

एक गोष्ट आगीची. मी कंपनीत असताना शेजारच्या शॉपमध्ये मॅग्नेशियमच्या केसिंगचं मशिनिंग चालायचं. एका दुपारी चिपच्या पिंपात ठिणगी पडली. वेल्डिंगकडे बघितल्यासारखा पांढरा उजेड, डोळे दिपले, आणि एक नवीन पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला. आमच्या सुपरवायझरनं त्याला अक्षरशः कमरेला मिठी मारून खाली पाडलं. जळत्या मॅग्नेशियमवर पाणी टाकलं की हायड्रोजन तयार होतो आणि भडका उडतो, कार्बन डायऑक्साइडचा सिलेंडर मारला तरी ते त्या वायूत पण जळत राहतं. कोरडी वाळू टाकून ते विझलं, पिंपाचं बूड वितळलं होतं. आख्खी डिस्क अशी सहज पेट घेत नाही, तिची उष्णता पसरून जाते, पण घासल्यावर पडणारी पूड आणि बारीक चिप घेते. आता पेठेतल्या एखाद्या दहा बाय बाराच्या गाळ्यात ग्राइंडर, खाली साठलेली भुकटी, शेजारी लोखंडाच्या ठिणग्या आणि कोपऱ्यात थिनरचे कॅन, असं चित्र डोळ्यासमोर आणा. तिथं काम करणाऱ्या पोराला हातात काय धातू आहे हे माहीत असणं हा त्याच्या जिवाचा प्रश्न आहे. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या ठेवायला किती खर्च येतो?

बहुतेक वाचकांच्या डिस्क अ‍ॅल्युमिनियमच्या आहेत, त्यांना वाटेल आपला काय संबंध. डायमंड कट केलेली चकचकीत डिस्क असेल तर फुटपाथला घासली की लॅकरच्या आत पांढऱ्या किड्यासारख्या रेघा सरकत जातात ते तुम्ही बघितलं असेल, ते पण हेच, टवक्यातून ओल शिरून रंगाखाली धातू खाणं, फक्त सावकाश. ती परत लेथवर कापून देतात, पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे याआधी किती वेळा कापलीय हे विचारा. आणि वाकलेली डिस्क गॅसनं तापवून ठोकणाऱ्याकडे देऊच नका, उष्णतेनं तिची ताकद जाते.

माझी मागणी साधी आहे. दुकानदारानं बिल द्यावं आणि बिलावर पाच गोष्टी लिहाव्यात: धातू कोणता, जुना रंग कशानं काढला, ब्लास्टिंग कशाचं केलं, भेगांची तपासणी झाली का, आणि रंगाखाली कुठला थर दिला. पाच वर्षं हा शब्द तोंडी नको, लिहून द्यायचा असेल तर द्या. गिऱ्हाइकानं पण एवढं विचारल्याशिवाय डिस्क सोडू नये, स्वस्तात आणि संध्याकाळपर्यंत पाहिजे म्हणून आपण अडून बसतो तेव्हा भेग बघायचा टप्पाच आधी गळतो. आपल्या शहरात गाड्यांच्या चाचण्या करणारी एआरएआय आहे, सीओईपी या इंजिनीअरिंगच्या संस्थेत मेटलर्जीचा म्हणजे धातुशास्त्राचा विभाग आहे, औंधला आयटीआय आहे, त्यांनी मिळून या छोट्या दुकानांतल्या मुलांसाठी शनिवार-रविवारचा दोन दिवसांचा वर्ग घेतला, थेंबाची परीक्षा, डीपी टेस्ट आणि वाळूची बादली एवढंच शिकवलं तरी पुरे. वर्ग होणार असेल तर भिंतीवरची ती भेगाळलेली डिस्क मी स्वतः घेऊन येईन, मुलांनी तिच्यावर लाल रंग फवारून रेघ आपल्या हातानं काढून बघावी.

आपला,
एक जुना वाचक
चिंचवड, पुणे